तुळशीखालचं मीठ

म्हसू कोकरे कामाला हात लावण्याआधी मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचा आणि वरून खिशाचं बटण लावायचा. भूगावातले लोक त्यावरून त्याची थट्टा करत. "काय रं म्हसू, आमी काय चोर हाय व्हय?" असं कुणी म्हटलं, की तो म्हणे, "चोर न्हाई वो, पर इसराळू हायसा. माझा जीव माझ्या खिशात बरा."

ही १९६४ सालची गोष्ट. भूगावात वीज येऊन दोन वर्षं झाली होती आणि म्हसूला वायरमन होऊन एक. रिह्याच्या धनगरवाडीत त्याच्या आधी कुणी शाळेची चौथी इयत्ता ओलांडली नव्हती. वडील त्याच्या लहानपणीच गेले. आई तानूबाई मेंढरं राखायची, अजूनही राखत होती. तिनं भावाच्या दारी चार वेळा जाऊन म्हसूची पुण्यात राहायची सोय लावली आणि म्हसूनं औंधात दोन वर्षं वायरमनचं शिक्षण घेतलं. तिथली वही तो सायकलच्या पिशवीत पक्कडीशेजारी ठेवायचा. घोंगडी पांघरणाऱ्या घरातला पोरगा फळ्यावरची आकृती बघून वीज बांधून घालतो, याचं त्याला स्वतःलाच इतकं नवल वाटे, की दिवा लावून झाल्यावर तो बटण तीन-तीनदा दाबून बघायचा.

भूगावात हैबतरावांचं घर मोठं. मुलगा जयसिंग खडकीच्या कारखान्यात होता, शनिवारी घरी यायचा. त्यानं वर्षापूर्वी एक विजेची शेगडी आणली होती. पत्र्याचं अंग, वर मातीची चकती आणि चकतीच्या खाचेत तारेचं उघडं वेटोळं. हैबतरावांची बायको रंभाबाई त्या शेगडीला हात लावत नसे. "जाळ दिसत न्हाई त्याच्यावर माजा इस्वास न्हाई," म्हणायची. सून जया मात्र तीवर सकाळचा चहा करायची, दूध तापवायची. तार तुटली की जयसिंग तिची टोकं पिळून परत जोडायचा. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यानं फ्यूजला जाड तारही घातली. भाद्रपदात एका सकाळी तारेचं वेटोळं खाचेतून सुटून पत्र्याला टेकलं. जया नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभी होती. दुधाचं पातेलं उतरवताना तिचा हात पत्र्याला लागला आणि ती भिंतीपाशी फेकली गेली. फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता, तर जयसिंगला सुतक धरावं लागलं असतं.

त्यानंतर जयसिंगनं नवी शेगडी आणली. बंद तव्याची, दीड हजार वॅटची. वायरीच्या टोकाला तीन पायांचा जाड प्लग होता. ती बसवायला म्हसूला बोलावणं गेलं.

म्हसू आला तेव्हा हैबतराव प्लग हातात घेऊन ओसरीवर बसले होते. "आरं म्हसू, जुनीला दोन दात व्हतं, हिला तीन. भिताडात भोकं दोनच. तिसरा दात उपटू का?"

"तात्या, उपटायचाच तर माजा उपटा. त्यो तिसराच वहिनींचा जीव राखनार हाय."

मग म्हसूनं सगळं नीट समजावून सांगितलं. शेगडी दिव्याच्या बारीक वायरीवर चालवायची नाही. मेनपासून तिच्यासाठी वेगळी, जाड वायर आणायची आणि तिला तिचा वेगळा फ्यूज द्यायचा. फ्यूजची तार ठरल्या मापाचीच घालायची, जाड घातली तर फ्यूज असून नसल्यासारखा. आणि प्लगचा तिसरा पाय तारेनं जमिनीला जोडायचा. शेगडीच्या अंगात कधी वीज उतरलीच, तर तिनं माणसातून न जाता त्या तारेतून जमिनीत जावं, आणि इतक्या जोरानं जावं की फ्यूज लागलीच उडावा.

दाराआडून जया ऐकत होती. "म्हंजे परत न्हाई ना लागायचा दादा?" तिनं विचारलं. तिच्या उजव्या तळव्यावर अजून काळा डाग होता.

"न्हाई लागायचा वहिनी. माजी जबाबदारी."

वायर ओढायला दीड दिवस लागला. वायर बसवायच्या सागवानी पट्ट्या त्यानं ओळंब्यानं सरळ मारल्या. राहिला जमिनीतला खड्डा. मास्तरांनी फळ्यावर काढलेलं चित्र त्याच्या वहीत होतं. खोल खड्डा, तळाशी तांब्याचा पत्रा, पत्र्याभोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल्या जमिनीतच वीज मुरते. खाली चित्राशेजारी मास्तरांचं वाक्यही होतं: खड्ड्याला पाणी घालत राहावे, लोक विसरतात.

खड्ड्यासाठी खरी जागा होती न्हाणीघरामागं. तिथं रोज सांडपाणी जायचं, अळू माजलं होतं. पण म्हसूनं पहार मारली आणि हातभर खोलीवर खडक लागला. ठिणग्या उडाल्या. तो फोडायचा तर दोन-तीन दिवस जाणार. पुढच्या दोन घरी कामं खोळंबली होती. घाम पुसत तो अंगणात आला, आणि समोर रंभाबाई तुळशीला पाणी घालून प्रदक्षिणा घालत होती.

दगडमातीचा बसका कट्टा. त्यात छातीएवढी, काळसर पानांची तुळस. रंभाबाईला तिच्या आईनं माहेरून, लवळ्याहून निघताना ओच्यात रोप घालून दिलं होतं, त्याच रोपाच्या बियांची ही तिसरी पिढी. रोज सकाळी एक तांब्या. पाऊस असो, पाहुणे असोत, घरात कुणी आजारी असो. गेल्या बावीस वर्षांत खंड नाही.

मास्तरांच्या वाक्याचं उत्तर म्हसूला तिथल्या तिथं सापडलं. लोक खड्ड्याला पाणी घालायला विसरतात, पण तुळशीला विसरत नाहीत.

त्यानं कट्ट्याला लागूनच खणायला घेतलं. माती मऊ होती. तीन हातांवर इथंही खडक लागला, पण तो म्हणाला, चालेल.

"तुळशीपाशी काय पुरतुयास रं?" रंभाबाईनं विचारलं.

"तांबं हाय काकी. देवाच्या तांब्यापळीचं असतंय ना, तसलंच तांबं."

"मग असू दे," ती म्हणाली. "च्या टाकते," म्हणून आत गेली.

ती आत जाईपर्यंत म्हसू थांबला. मग सायकलवरून मिठाचं पोतं काढलं.

ते मीठ त्यानं आईच्या घरून आणलं होतं. मेंढरांचं मीठ. धनगरवाडीत वाड्याबाहेर चपटे दगड मांडलेले असतात, त्यांवर खडेमीठ पसरतात आणि मेंढरं येऊन चाटतात. म्हसूचं बालपण त्या दगडांभोवती गेलं होतं. पावसाळ्यात सगळा माळ हिरवा होई, पण त्या दगडांभोवतीच्या जागा टकलासारख्या उघड्या राहत. तिथं कुसळसुद्धा उगवत नसे. हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, आणि हे ठाऊक नव्हतं असं त्याला पुढं कधी म्हणताही आलं नाही.

त्यानं थर भरले. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ. खड्डा उथळ असल्यामुळं शेवटचा थर जमिनीखाली वीतभरच राहिला. वर माती ओढली, पायानं दाबली. रंभाबाई चहा घेऊन आली तेव्हा तो हात धूत होता.

मग त्यानं चाचणीचा दिवा काढला. होल्डरला दोन वायरी, त्यात शंभरचा बल्ब. एक टोक विजेला, दुसरं नव्या जमिनीच्या तारेला. बल्ब लख्ख पेटला. "बगा, वीज जमिनीत चाललीया," म्हसू म्हणाला. हैबतरावांनी टाळी वाजवली. जयानं शेगडीवर पहिला चहा केला तेव्हा ती आधी बोटानं, मग तळव्यानं शेगडीच्या कडेला हात लावून बघत होती. काही झालं नाही. तिच्या चेहऱ्यावरची ती सुटका म्हसूनं बघितली आणि सायकलवर बसल्यावर शीळ घातली. घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट.

वसुबारसेला परत निरोप आला. तुळशीच्या लग्नासाठी अंगणात एक दिवा हवा होता.

म्हसू अंगणात शिरला आणि सायकलचा स्टँड लावायचं विसरला. तुळशीला पान नव्हतं. काड्या तेवढ्या उभ्या होत्या, तपकिरी, टोकाला वाळक्या मंजिऱ्या. कट्ट्याच्या मातीवर पांढरी साय धरली होती. ऑक्टोबरच्या उन्हात खालची ओल वर चढते आणि येताना मीठ आणते, हे समजायला वही उघडायची गरज नव्हती.

"बगितलंस?" रंभाबाई ओसरीवरून म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "आयनं दिलेली तुळस. बावीस वर्सं. दुष्काळात जगली, आन् आता माज्या घरात शिवाशिव झाली न् गेली."

"कसली शिवाशिव?"

"चवथ्या दिवशी पानी घातलं तिला सूनबाईनं. मी शेतावर गेल्ते. पाचवा उजाडायच्या आदीच न्हाऊन तांब्या उचलला. तिनंच सांगितलं, तोंडानं. खोटं तरी बोलायचं!"

जया गोठ्याच्या पडवीत सुपात भात पाखडत होती. स्वयंपाकघरात तिला मज्जाव होता. नवी शेगडी बंद होती, कारण रंभाबाई तिला हात लावत नसे. म्हसू दिव्याची वायर ओढत पडवीपाशी आला तेव्हा जया मान वर न करता म्हणाली, "दादा, चवथा का पाचवा, मीच मोजायला चुकले असंन. आत्याबाई म्हंतात भाऊबीजेला म्हायेरी जा, आन् बोलावणं येईस्तवर थांब."

बोलावणं येईस्तवर थांब, याचा अर्थ मुळशीच्या खोऱ्यात लहान पोरीलाही ठाऊक असतो.

म्हसूच्या तोंडाशी शब्द आला होता. पण त्याच वेळी ओसरीवर हैबतराव शेजारच्या भिवाजींना सांगत होते, "ह्यो आमचा म्हसू. तुमच्याकडं शेगडी बसवायची ना? ह्यालाच सांगा. काम म्हंजे येक नंबर!" म्हसूनं मनाला समजावलं, की आता खरं सांगितलं तर ही माणसं उद्याच पत्रा उपटून काढतील, आणि मग जयाला परत धक्का बसेल. तिच्याच जिवासाठी गप्प राहायला हवं. हा हिशोब त्याला त्या घडीला पटला. त्यानं तुळशीवर दिवा लावला आणि बटण एकदाच दाबलं. निष्पर्ण काड्यांची सावली अंगणभर पडली. चहा न घेता तो निघाला.

चार दिवस तो वाडीवरच राहिला. आजारी आहे असं सांगून कामं टाळली. लक्ष्मीपूजनाला आईनं पुरणाची पोळी केली, ती त्याच्यानं अर्धीच खाल्ली गेली.

पाडव्याला वाडीत मेंढरं ओवाळतात. सकाळी तानूबाईनं मेंढरांच्या शिंगांना गेरू लावला, कपाळावर भंडारा टाकला आणि दगडांवर मीठ पसरायला पोत्यात हात घातला. हात तळाला लागला.

"म्हसू, मीठ कुटं गेलं रं? घटाच्या आदी नेलंस ते येवडं?"

"खड्ड्यात घातलं."

"कसल्या खड्ड्यात?"

त्यानं सांगितलं. आधी शेगडी, मग खडक, मग तुळस. शेवटी जयाचं सांगितलं. बोलताना तो त्या दगडांभोवतीच्या उघड्या जमिनीकडे बघत होता. तानूबाई उभीच होती. मुठीतलं उरलंसुरलं मीठ तिनं दगडावर टाकलं आणि हात लुगड्याला पुसले.

"तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"आन् त्या पोरीनं न केलेलं कबूल केलं."

तानूबाईनं मिठाचं रिकामं पोतं झटकलं.

"मग हितं काय ओवाळून घ्यायला बसलायस? तुज्यापरीस हे मेंढरू शानं हाय, हाकललं की चालतंय तरी." आणि तो सायकलकडे वळल्यावर मागून म्हणाली, "पहार घिऊन जा. नुसतं तोंड घिऊन जाऊ नगंस."

घोटावडे, पिरंगुट, मग भूगाव. पहार सायकलच्या दांडीला बांधली होती आणि खड्ड्याखड्ड्याला ती वाजत होती. तो पोचला तेव्हा ओसरीवर जयाचा भाऊ कुशाबा चहा पीत बसला होता. दाराशी जयाची पेटी होती. नुसत्या भाऊबीजेला जाणारी बाई पेटी नेत नाही.

म्हसू तडक आत गेला. आधी मेनचा फ्यूज काढून खिशात टाकला, मग शेगडीचाही काढला. बाहेर येऊन अंगणात उभा राहिला.

"काकी, तुळस वहिनींनी न्हाई मारली. मी मारली."

कुशाबाचा कप बशीवर टेकला. रंभाबाई उंबऱ्यात आली. "काय बोलतुयास?"

"खड्ड्यात निसतं तांबं न्हाई. मीठ हाय. अर्दं पोतं. तुमी च्या करायला आत गेल्यावर घातलं, कारन तुमी घालू दिलं नसतं. तुळशीला तुमी रोज पानी घालता, मला त्या पान्याची गरज व्हती. मीठ झाडं मारतंय हे मला ठावं व्हतं. मी धनगराचा हाय, मला कसं ठावं नसंल?"

म्हसूनं कट्ट्याशेजारी पहार घातली, वीतभर माती उकरली आणि काळ्या कोळशातले पांढरे खडे हातावर घेऊन पुढं केले. रंभाबाईनं एक खडा उचलला. जिभेला लावला. तिचा चेहरा आक्रसला.

"म्हंजे मीच," ती हळू म्हणाली. "मीच रोज हातानं इख पाजलं तिला. सुकाया लागली म्हनून दोन-दोन तांबे घातले." मग तिचा आवाज चढला. "आरं मुडद्या, मला इचारलं असतंस तर तुळस हलवून दिली असती की मी! चार हात तिकडं लावली असती! इचारायला काय जिभंला काटा टोचत व्हता?"

खोटं बोलायची, लपवायची कितीतरी कारणं म्हसूनं शोधली होती, पण सरळ विचारलं असतं तर ती कदाचित हो म्हणाली असती, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वसुबारसेला का न्हाई बोललास?" हा आवाज जयाचा होता. ती पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. दादा म्हणाली नाही, तुमी म्हणाली नाही. "माज्यासमोर दिवा लावलास, आन् गेलास."

"भ्यालो," म्हसू म्हणाला.

हैबतराव खाकरले. "झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ दे. कुशाबा, बाहेर कुटं बोलू नगंस."

"न्हाई तात्या," म्हसू म्हणाला. "भिवाजींना मी सवता सांगनार हाय. त्यांच्या दारात बी तुळस हाय. आन् दुसरा खड्डा हुईस्तवर शेगडी लावायची न्हाई. फ्यूज माज्या खिशात हाय."

रंभाबाईनं खांबापाशी उभ्या सुनेकडे बघितलं. मग दुसरीकडे तोंड करून म्हणाली, "जया, कुशाबाचा च्या गार झाला. दुसरा ठेव. चुलीवर ठेव." जया जागची हलली नाही. "ठेव म्हनते ना," रंभाबाई पुन्हा म्हणाली, पण या वेळी आवाजात हुकूम उरला नव्हता. जया तिच्या अंगावरून स्वयंपाकघरात गेली. पेटी मात्र तिनं जाता जाता उचलून आत नेली.

न्हाणीमागचा खडक फोडायला म्हसूला तीन दिवस लागले. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. खड्डा तयार झाल्यावर त्यानं रंभाबाईला बोलावलं. पत्रा दाखवला, कोळसा दाखवला, मिठाचं पोतं उघडून पुढं ठेवलं.

"काकी, हितं मीठ जानार. चार हातांत काय बी उगवनार न्हाई."

"अळू मरंल?"

"मरंल."

"मग थांब, आदी अळू काढून घिते," ती म्हणाली आणि पदर खोचून खाली वाकली. त्या दिवशी हैबतरावांच्या घरी इतकं अळू निघालं, की भिवाजींकडंही टोपलं गेलं. हैबतराव म्हणाले, "म्हसू, तुज्या विजेपायी आमाला आठवडाभर फतफतं खावं लागनार." रंभाबाई हसली नाही, पण तिनं म्हसूला पाणी दिलं.

चाचणीचा बल्ब पेटला, आधीपेक्षाही लख्ख. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही.

जया भाऊबीजेला जाऊन आली. निघताना रंभाबाईनं तिला बजावलं होतं, "तुळशीच्या लग्नाआदी ये. आन् येताना तुज्या आयकडचं रोप आन." ते वीतभर रोप अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, जुन्या डब्यात लागलं. कार्तिकात लग्न त्याचंच लागलं. लवळ्याची तुळस मात्र संपली. तिच्या वाळक्या मंजिऱ्या रंभाबाईनं पेरून बघितल्या, एकही रुजली नाही.

पुढं म्हसूनं मुळशीत शेकड्यानं घरांत वायरी ओढल्या. कुठल्याही दारात खड्डा घेण्याआधी तो घरच्या बाईला बोलवायचा आणि तिच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवून, कुठं काय मरेल ते सांगायचा. काही बाया नको म्हणत, तिथं तो दुसरी जागा शोधायचा, खडक असला तरी.

भूगावच्या त्या अंगणात जुन्या कट्ट्याभोवती दोन पावसाळे गवत उगवलं नाही. म्हसूला फाटकातून आत जायचं तर त्या उघड्या जागेवरूनच जावं लागे. फ्यूजची तार बदलायला, स्विच बघायला तो वर्षातून तीनदा तरी जाई, आणि जया शेगडीवर चहा करून बाहेर आणी. तिनं त्याला परत कधी दादा म्हटलं नाही. कपबशी त्याच्यापुढं ठेवताना तेवढं म्हणे,

"घ्या. मीठ न्हाई घातलं."

म्हसू खाली मान घालून तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा.